साखरेच्या पाण्यातला दिवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा आधार असलेले माननीय हरीओमजी, प्राचार्य महोदय, ज्यांना आपण आज निरोप देत आहोत ते माझे गुरू प्राध्यापक जगदेव खोडके सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाकाकू, सहकारी मित्रहो, आणि भजी कधी येतात म्हणून माना वळवून दाराकडे पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांचा रसायनशास्त्र विभाग उद्यापासून माझ्याकडे येतोय, तेव्हा वैष्णवी मॅडम सरांविषयी गोडच बोलणार, असं समजून दिली असावीत. बोलते.

रासायनिक बंध शिकवावेत तर खोडके सरांनीच. आपल्या कारंजा गावात त्यांच्या तोडीचा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही. आम्ही बारावीत साठ जण होतो. पहिल्याच तासाला सरांनी टेबलावर खडेमिठाचा खडा ठेवला आणि हातोडी मारली. खड्याचे तुकडे झाले. मग तांब्याच्या तारेवर मारली. तार नुसती चपटी झाली. "काहून?" सर गरजले. मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मिठात धन आणि ऋण आयन आलटून पालटून बसलेले असतात. घाव बसला की थर सरकतो, धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तांब्यातले इलेक्ट्रॉन मात्र मोकळे फिरतात, थर सरकले तरी सगळ्यांना धरून ठेवतात. मी इंझोरीहून एसटीनं येणारी मुलगी. त्या संध्याकाळी घरी वरवंट्यानं मीठ फोडून पाहिलं आणि आईचे दोन धपाटे खाल्ले. मी आज हा विषय शिकवते ती त्या तासामुळे. टाळ्या वाजवा, वाजवण्यासारखंच आहे.

वाजवल्यात. आता पुढचं ऐका.

माझ्या बाकावर नमरा बसायची. तिचे वडील गुलाम नबी, बसस्टँडजवळ त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. कॉलेज सुटलं की ही दुकानात बसून तांब्याची तार गुंडाळायची. तिचे हात माझ्यापेक्षा चपळ होते आणि डोकंही. प्रात्यक्षिकाला आम्ही जोडीदार.

डिसेंबर महिना होता. दोन कार्बनच्या कांड्या, एक झिरोचा बल्ब, घरगुती करंट. मिठाच्या पाण्यात कांड्या बुडवल्या की दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. साखरेचा रेणू विरघळतो तो अख्खाच, त्याचे आयन होत नाहीत. पुस्तकात असं लिहिलं आहे आणि ते खरं आहे. पण आमच्या साखरेच्या पाण्यात दिवा लागला. मंद होता, पण लागला. सगळ्यांचाच लागला. एकोणसाठ जणांनी पुस्तक उघडलं आणि लिहिलं, 'दिवा लागला नाही.' त्यात मीही. नमरानं लिहिलं, 'लागला. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. डिस्टिल्ड पाणी मिळावं.'

सरांनी तिचं जर्नल उचललं. "पुस्तक खोटं अन् गुलाम नबीची पोरगी खरी?"

"पुस्तक खरं आहे सर. पाण्यातच खोट आहे. आमच्या दुकानात बोअरच्या मोटारी येतात ना, त्यायच्यावर पांढरा थर असते."

वर्ग हसला. तिला नाही हसला, सरांना हसला. आणि ते सरांना समजलं.

"साखरेच्या पाण्यातून करंट जात नाही. घाल बोट."

बटण चालू होतं.

"नाही घालत सर. करंट आहे त्यात."

"म्हणजे तूच मीठ टाकलं." सर माझ्याकडे वळले. "वैष्णवी, तू सांग. टाकलं का हिनं मीठ?"

नमरानं मीठ टाकलं नव्हतं. मिठाची बरणी माझ्या हाताशी होती. माझ्या वडिलांनी मला बारावीपुरतीच मुभा दिली होती, आणि पुढचं सगळं सरांच्या हातातल्या प्रात्यक्षिकाच्या तीस गुणांवर होतं. मी म्हणाले, "हो सर. टाकलं."

सरांनी पान फाडलं. जर्नलवर सही केली नाही. सही नाही तर बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा नाही. गुलाम नबी दोनदा आले. दुसऱ्यांदा सरांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि प्रयोगशाळेची बंद पडलेली पाण्याची मोटार दाखवली. त्यांनी दुपारभर बसून ती चालू करून दिली. हात पुसत उभे राहिले तेव्हा सर म्हणाले, "बरं झालं. पोरीचं पाहू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी नमरा आली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचा निकाह झाला, मंगरूळला. मला तीसपैकी तीस मिळाले.

सर, पाणी घ्या. अध्यक्ष महोदय, संपवतेच.

गेल्या महिन्यात सरांचं कपाट मी ताब्यात घेत होते. खालच्या कप्प्यात डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन निघाले. सील न फोडलेले, आमच्या बारावीच्या सालचे. मी विचारलं, "सर, हे तेव्हा इथंच होतं?"

सर यादीवर सह्या करत होते. "होतं की. परीक्षक आले तर लागते. बोअरच्या पाण्यात दिवा लागते, हे मले माहीत नव्हतं का? पण पोरीनं भर वर्गात सांगावं?" मग मान वर करून हसले. "अन् तुले तरी कुठं माहीत नव्हतं?"

त्या रविवारी मी मंगरूळला गेले. नमरा अंगणात बसली होती, पुढ्यात उघडी मोटार. नवऱ्याच्या दुकानाचं मोटारी भरायचं काम तीच करते. मी सगळं सांगितलं, सरांचं आणि माझं. तिचा हात थांबला नाही.

"सरचं सोड," ती म्हणाली. "तू माह्या बाजूले बसली होती."

"माफ कर नमरा."

"अब्बा मरेपर्यंत मले विचारत होते, बेटा, तू मीठ काहून टाकलं? त्यायले वाटे, मास्तर खोटं बोलन, पण संगची मैत्रीण कायले बोलन?" तिनं तार दातानं तोडली. "माफी पायजे तुले. माह्यापाशी नाही ते. चहा पी अन् जाय."

मी चहा प्यायले आणि निघाले.

तर सर, तुम्ही मला विषय दिलात, नोकरीच्या वेळी शब्द टाकलात, त्याबद्दल मनापासून आभार. काकू, ही गोष्ट तुमच्या कानावर आज पहिल्यांदा पडली असेल तर ती अशी चारचौघांत पडली याचं मला वाईट वाटतं. संस्थेनं बोलायची संधी दिली, तिचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. सर, तुम्ही सांभाळून घेऊ नका. यातलं कमी-जास्त सगळं मोजून तुमच्यासाठीच आणलं होतं.

आता प्राचार्यांनी पुढे येऊन सरांना शाल पांघरावी, अशी विनंती करते.