शिक्र्याचा डावा पंख

हॅलो?… हो, चेरीतालच्या घरून तुझी आईच बोलून राहिली. विनता, आधी हिशेब सांग. या चोरीत आमच्या जावईबापूंना, श्रीकांतरावांना, भेटणार काय होतं? एक दावत! दुसऱ्या स्क्वाड्रनचं निशाण, तो पितळी शिक्रा पक्षी पळवायचा, सासूच्या घरी लपवायचा, अन् त्यांनी हात जोडून जेवू घातलं की परत द्यायचा… हो, हो, फौजेतली जुनी गंमत. माहीत आहे. लढाऊ विमानं उडवतात अन् लपाछपी खेळतात!

काय? पत्ता लागला त्या स्क्वाड्रनवाल्यांना?… आज? स्टेशनवरून निघालेसुद्धा?

मग घाबरून काहून राहिली? शिक्रा बसला आहे न ओट्यावर. अगं ऐक ना… तू गादीखाली ठेव म्हटलं होतं, पण लोकांची वस्तू कळकट कशी परत करायची? चिंच-मीठ लावलं, राखेनं घासला. डाव्या पंखावर केवढं काळं बसलं होतं! हात दुखले माझे, पण आता असा लखलख…

हॅलो? विनता?… रडून काहून राहिली?

…मळ नव्हता तो?

हळू बोल, हळू. एकाहत्तरच्या लढाईत… हो… हँगर पेटलं. रामकृष्ण नावाचा मेकॅनिक विमान बाहेर ढकलायला आत गेला… अन् त्याचं काहीच सापडलं नाही. राखेतून फक्त हा निघाला.

अच्छा… म्हणून विमानांवरच्या चित्रातही डावा पंख काळाच रंगवतात. मी म्हटलं, पेंटरनं आळस केला.

अन् नवा पायलट पहिल्या उड्डाणाआधी तिथंच हात ठेवते? इतकं ठाऊक होतं, अन् तू साड्यांच्या ट्रंकेत दडवून आणला? दावतीसाठी?

आणखी काय? बोल ना… गाडीत कोण आहे?

अंजनीबाई. त्या मेकॅनिकची बायको… तिच्यासमोर दावत मागायची हिंमत कोणाची होणार नाही, म्हणून आणून राहिले. हुशार आहेत हो… दरसाल येते? पंखावर हात ठेवून बसते?

अगं, घरी काहीच आलं नव्हतं तिच्या?… काहीच?

नाही. नाही, विनता. पंख पुन्हा काळा करायला दिवा आहे, तेल आहे, काजळी धरायला वेळ किती लागते! पण नवी काजळी तिच्या बोटांना लागंन. जुनी लागत नव्हती. इतकी वर्षं बोटं फिरवली आहेत तिनं, तिला कळणार नाही?

थांब… फाटक वाजलं.

आले. एक पोरगा हात धरून उतरवून राहिला तिला… हसून राहिली गं माझ्याकडे पाहून.

आइए बहनजी, आइए… बस, एक मिनट…

नाही, श्रीकांतरावांना फोन देऊ नको. घासलं मी, सांगीन मीच. अन् हिशेब ऐकून ठेव. त्यांची दावत बुडाली, तुझी गंमत गेली, मला दोन दिवस घास उतरणार नाही. एवढ्यात आपलं सुटलं. भरलं तिनंच. तेव्हाही, आजही.

ठेव फोन.