बंद दुकानाचा भाव

(फोनवर दोघं. ताई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. धाकटा भाऊ सांख्यिकी कार्यालयात आहे. दुकानोदुकानी फिरून भाव टिपतो.)

ताई : अकरा वाजता फाटकावर कागद लागला. शहराची महागाई चार पूर्णांक नऊ टक्के. पाचच्या वर गेली असती तर पगारवाढ होती, करारातच आहे तसं. मॅनेजर म्हणतो, आकडा सरकारी, माझ्या हातात काय?

धाकटा : खरंय त्याचं.

ताई : पीठ दीडपट झालं. तेलाचं तर विचारूच नकोस. तू कुठल्या बाजारात फिरतोस रे? मलाही ने की एकदा.

धाकटा : सगळ्याची सरासरी असते, ताई. घरभाडं, बस, साबण. पिठाचा त्यात थोडाच वाटा.

ताई : माझ्या घरात पिठाचाच मोठा आहे.

धाकटा : हं.

ताई : हं काय? लहानपणी काही फोडलंस की असाच आवाज निघायचा तुझा.

धाकटा : नाक्यावरचं पिठाचं दुकान चार महिने बंद आहे.

ताई : ठाऊक आहे. कुलूप गंजलं त्याचं.

धाकटा : दुकान बंद दिसलं तर मागचाच भाव पुन्हा लिहायचा, असा नियम आहे. पण एकाच महिन्यापुरता. मग नवं दुकान धरायचं, दुकानदाराची सही आणायची. सरकारी कागद बघून कुणी सही देईना. इकडे साहेबांना तक्ता वेळेवर हवा. मी जुनाच भाव लिहीत गेलो.

ताई : चार महिने?

धाकटा : तेलाच्या दोन दुकानांचंही तेच.

ताई : आणि खरे भाव धरले तर?

धाकटा : आत्ता मांडून बघितलं. पाच पूर्णांक दोन.

ताई : नऊशे बायका आहोत आम्ही. आईच्या गोळ्या मी एक दिवसाआड देतेय. म्हटलं, वाढ झाली की रोजच्या सुरू करू.

धाकटा : मला बोलली नाहीस.

ताई : बोलून काय, तू भाव खाली आणणार होतास?

धाकटा : चूक माझी, असं लिहून दिलंय. तारखा, दुकानं, सही, सगळं.

ताई : नोकरी?

धाकटा : जाईल बहुतेक.

ताई : त्यानं आकडा बदलतो का?

धाकटा : बदललाच तर पुढच्या महिन्यात. मग तुमचा मॅनेजर कुठला आकडा धरेल, ते मी सांगू शकत नाही. करार बघ.

ताई : बघितला. त्यात दुरुस्तीबद्दल एक ओळ नाही. पत्र कुणाच्या हातात दिलंस?

धाकटा : साहेबांच्या टेबलावर ठेवलंय, पेपरवेटखाली. दोन वाजून दहा झालेत. साहेब अजून जेवून आले नाहीत.