एक बाही राहिली होती

संधिवाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांची सून बसल्या होत्या.

“आई, हात बघू. बोटं आणखी सुजलीत.”

“ताप चार दिवसांत उतरला, पण जाता जाता सगळे सांधे जागे करून गेला. काल कात्रीत अंगठा जाईना.”

“ताप आला की फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांध्यांची आठवड्यातून एकदाची गोळी घ्यायची की थांबायचं, ते त्यांनी सांगितलं असतं.”

“फोन केला की विचारतात, जवळपास कुणाला ताप होता.”

“मग सांगायचं.”

“आज सांगते की. एका गिऱ्हाइकाला होता.”

“कुठलं गिऱ्हाईक? रंगकामामुळे दुकान महिनाभर बंद आहे.”

“तू मध्ये बोलू नकोस म्हणजे झालं.”

“आई, ताप मला होता. तुमच्या आधी. रजा शिल्लक नव्हती, म्हणून गोळ्या घेऊन कामावर जात होते. तुम्हाला कळू दिलं नाही.”

“माप घेताना दंड धरला होता तुझा. चटका बसत होता.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तेव्हाच लांब का नाही झालात?”

“एक बाही राहिली होती.”

“माझ्या एका बाहीसाठी?”

“चल, आपला नंबर आला.”

“आत मी सांगणार, ते गिऱ्हाईक मीच म्हणून.”

“सांग. आधी दार उघड. ही मूठ माझ्याच्यानं फिरत नाही.”