कानामागचा गुंता

जनावरांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. मांजराची टोपली मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या बाईंना शेजारच्या बाकावरचं नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. नवऱ्याच्या कुशीत अर्धवट भादरलेला केसाळ कुत्रा होता. त्याच्या कानाला रुमाल बांधला होता आणि रुमालाला रक्त लागलं होतं.

“तीस वर्षं गावाचे केस कापताय, आणि घरच्या कुत्र्याचा कान कापलात?”

“कानामागे गुंता झाला होता गं. तोच कात्रीनं काढत होतो.”

“हलला असेल तो.”

“छे, गुमान बसला होता बिचारा.”

“मग?”

“हात हलला.”

“दमला असाल. दिवसभर दुकानात उभं राहायचं म्हणजे...”

“आज दुकान बंदच होतं की.”

“कधीपासून होतंय असं?”

“दोन महिने झाले. गिऱ्हाइकांच्या दाढ्या हल्ली भाऊच करतो.”

“आणि मला आज सांगताय?”

“म्हटलं, आधी याच्यावर हात चालवून बघावा. जमलं असतं, तर सांगावंच लागलं नसतं.”

बाईंनी टोपलीचं झाकण उगाचच नीट केलं. आतून कुत्र्याचा नंबर पुकारला गेला.

“द्या त्याला माझ्याकडे. आधी याचा कान शिवून घेऊ. मग माणसांच्या डॉक्टरकडे जाऊ, तुमचा हात दाखवायला.”