पाव म्हणजे पाय

लेक : शी! बाबा, मान खाजवून त्याच हाताने पाव उचलू नका हो. आधीच आमच्या घरात तुमच्या बेकरीतल्या पावाचं नाव काढलं की नाकं मुरडतात.

बाप : तुझी सासू मुरडत असेल.

लेक : त्यांनी चिमीच्या डोक्यात भरवलंय, पाव म्हणजे पाय. पायाने तुडवतात म्हणून पाव. पोरीने तोंडातला घास भसकन ताटात टाकला. आता आजोबांकडे चल म्हटलं तरी तिला मळमळतं.

बाप : म्हणून तीन रविवार आली नाही होय? मला वाटलं, ताप असेल.

लेक : ताप कसला, किळस आलीय तिला तुमची. म्हणून काल वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडला. पाव हा पोर्तुगीज शब्द आहे, बाबा. पायाशी काडीचा संबंध नाही. सासूबाईंच्या पुढ्यात तो कागद आपटला आणि चिमीची शपथ घेऊन सांगितलं, माझ्या माहेरच्या पिठाला कुणाचा पाय लागत नाही.

बाप : पोरीची शपथ कशाला घेतलीस?

लेक : म्हणजे?

बाप : शब्दात नसेल पाय. पिठात होते. तुझ्या आजोबांच्या वेळी मीच तुडवायचो. लाकडी हौदात, चड्डी वर खोचून. वर भट्टीची धग. घाम टपटप आत.

लेक : ईऽऽ! आणि आम्ही तेच खाल्लं?

बाप : मिटक्या मारत.

लेक : ओकारी येईल मला. पण आता मशीन आहे ना?

बाप : दोन महिने बंद आहे. त्याचा सुटा भाग कुठे मिळत नाही.

लेक : मग हाताने मळता? तुमचं मनगट तर कामातून गेलंय. बाबा, इकडे बघा. कोण मळतं?

(मागच्या खोलीत नळ सोडल्याचा आवाज.)

बाप : हळू बोल. तुझी आई. हातात जोर राहिला नाही तिच्या, पायात आहे अजून.

लेक : आईच्या टाचा फुटलेल्या आहेत, बाबा! त्या भेगा... शी. लोकांना हे खायला घालता तुम्ही?

बाप : अर्धा अर्धा तास घासते गं बिचारी, पार सोलून निघेपर्यंत.

लेक : घासून काय होतंय? आणि चिमी आली असती, तर तिच्या पुढ्यातही हेच ठेवलं असतंत?

बाप : छे. तिच्यासाठी तुझी आई दर रविवारी समोरच्या दुकानातून विकत आणते.