मांडीवरची कुपी

अंबरनाथच्या पॅथॉलॉजीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर काचेची कुपी होती. कापसाच्या बोळ्याखाली केळ्यांवर येतात तसल्या बारीक माश्या होत्या. त्यातली एक काचेवर चढायची, थरथरायची आणि खाली पडायची. बाईंची आई त्या माशीकडेच बघत होती.

“तेजल, ही सारखी पडते का गं?”

“आजारी आहे. बाबांच्या आजाराचा जीन आम्हीच लॅबमध्ये घातलाय तिच्यात.”

“म्हणजे हिच्या पण हातातून चहा सांडणार.”

“आई.”

“किती वर्सं करतेस हे?”

“बावीस.”

“आन् कुठल्या माशीला आजार होणार, ते आधीच कळतं?”

“कळतं.”

“मानसाचं?”

“रक्तातून कळतं. बाबांचा जीन मला आला असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता.”

“एवढ्या माश्या तपासल्यास. सोताला?”

“पुढच्या वर्षी करू म्हणत राहिले.”

“रिद्धीचं लग्न ठरतंय. परवा मला विचारत होती, आईला आहे का गं आजी? मी काय सांगू पोरीला?”

काउंटरवरून हाक आली.

“बकुळा म्हात्रे, शुगर.”

तेजलने कुपी आईच्या हातात दिली आणि ती उठली.

“आईची शुगर नंतर घ्या. वडिलांना हंटिंग्टनचा आजार होता. आधी माझं रक्त घ्या.”