लिफ्टसमोरच्या चपला

खोडा ते. आधी खोडा, मग पुढचं बोलतो. काय वाचलंत आत्ता? ‘खेडवळ माणसांना लिफ्ट म्हणजे साहेबांच्या घरची खोली वाटायची, म्हणून ते चपला बाहेर काढून अनवाणी आत शिरायचे, तेव्हापासून या कचेरीत गावाकडच्या माणसाला अनवाण्या म्हणतात.’ व्वा! कोणी सांगितलं? तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या हेडक्लार्कने? अहो, त्याला स्वतःचा चष्मा कपाळावर असला तरी सापडत नाही, तो तुम्हाला शब्दाचा जन्म सांगणार! आणि तुम्ही ते छापणार — इमारतीला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक काढताय, गुळगुळीत कागद, पुढे मोठ्या साहेबांचा फोटो, आणि आत हे. गंमत म्हणून. चौकटीत. हो ना? चौकटीतच ना? वाटलंच मला.

बसा, बसा, उठताय कुठे. स्टूल हलतंय, जरा डावीकडे कलून बसा. ही जिन्याला लागून पार्किंगची टपरी आहे, इथे खुर्ची नाही मिळत. मी आता इथे गाड्यांना बिल्ले देतो, पण आधी तीस वर्षं ती लिफ्ट मी चालवली, साहेब. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, आकडे शिकलो ते लिफ्टच्या बटणांवर — सातपर्यंत. सातच्या पुढे मला विचारू नका, सातच्या पुढे गच्ची. पण हा शब्द कुठून आला ते मला विचारा, कारण तेव्हा मी तिथे उभा होतो. खाकी कपडे, पितळी बटणं, मिशी काळीभोर. आणि वळवळ अंगात. दिवसभर वर-खाली, वर-खाली — माणूस काय करणार? गंमत करणार. साहेबांची छत्री चौथ्यावरून सहाव्यावर नेऊन टांगायची, असलं.

तर कुणाला वाटली ती खोली? कुणालाही नाही वाटली! डोकं आहे की नाही माणसांना? जमिनीचे कागद घेऊन दहा कोसांवरून येणारा माणूस, ज्याला ढगाकडे बघून कळतं की आज वाळवण घालायचं की नाही, त्याला दार असलेली पेटी आणि खोली यातला फरक कळत नाही? मी सांगायचो त्यांना. मी! ‘ओ पाहुणे, चपला बाहेर. नियम आहे.’ असा आवाज काढून. काढायचे बिचारे. का काढायचे? अडाणी म्हणून नाही. त्यांचा कागद वर अडकलेला असायचा, आणि कागद अडकला की माणूस शिपायाला पण साहेब म्हणतो. मग मी दोनदा घंटी वाजवायचो. एकदा वाजली तर नेहमीचं माणूस, दोनदा वाजली तर — वरची मंडळी टेबलं सोडून दाराशी जमायची. दार उघडलं की आत हा, हातात पिशवी, पाय उघडे, समोर सगळे बूट घालून. ‘आला रे अनवाण्या!’ हा शब्द त्या चष्मेवाल्याचा. पण माल माझा होता.

हसताय? हसा. मी पण हसायचो. पोट धरून. आणि ऐका, तेवढ्यावर थांबायचो नाही मी. माणूस वर गेला की त्याच्या चपला पायाने ढकलून जिन्याखाली. परत आला की शोधत बसायचा. ‘इथेच काढल्या होत्या हो’ — ‘मला काय माहीत, मी काय चपलांचा राखणदार आहे?’ बऱ्याच जणांना सापडायच्या. काही तसेच जायचे, उन्हातून, बस पकडायला.

काय विचारलंत? मी कुठला? त्याचं काय करायचंय तुम्हाला, मी इथलाच… लिहा, इथलाच लिहा. चाळीत राहतो मागच्या.

नाही. थांबा. इथलाच काय इथलाच! मी तिकडचाच आहे. त्याच बसने आलो होतो मी, त्याच पिशवीसारखी पिशवी घेऊन. माझं बोलणं ऐकून पहिले सहा महिने ही मंडळी मलाच हसायची — मी ‘लिफ्ट’ म्हणलो की चौघे हसणार, पाणी मागितलं की चौघे हसणार. मग मी त्यांना हसायला दुसरं माणूस आणून दिलं. रोज. ताजं.

आणि मग एक दिवस दादा आला. माझा थोरला. आई गेल्यावर ज्याने मला आंघोळी घातल्या, तो. का आला होता माहीत आहे? जमिनीच्या कागदावर माझं नाव चढवायला. माझं! सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर झालेलं, कुणी मागितलं नव्हतं, मी तर विसरून गेलो होतो. नव्या चपला घालून आला होता — करकर वाजत होत्या. आणि लिफ्टपाशी नेमके दोघे क्लार्क उभे, चहा पिऊन आलेले, माझ्या तोंडाकडे बघत. ‘काय रे, आज घंटी नाही?’ म्हणले. आणि मी — दादाकडे बघून — ‘ओ बाबा, चपला बाहेर. नियम आहे.’

त्याने बघितलं माझ्याकडे. मला वाटलं आता हाक मारतो घरच्या नावाने, संपलं सगळं. तर तो म्हणला, ‘हो साहेब.’

मला साहेब म्हणला हो तो! कळलं त्याला सगळं, एका क्षणात कळलं, आणि त्याने ओळख दाखवली नाही. माझ्यासाठी. चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या. आणि मी घंटी वाजवली. दोनदा. सवयीने हात तसाच पडला. वर ‘आला रे’ झालं, तो पिशवी छातीशी धरून त्यांच्यातून गेला, तासाभराने जिन्याने खाली उतरला. चपला? जिन्याखाली. त्या दोघांसमोर मीच ढकलल्या होत्या. त्याने शोधल्या पण नाहीत. तसाच गेला. घरी सांगितलं म्हणे, लिफ्ट फार छान आहे. परत कधी या कचेरीत आला नाही, कागद तसाच राहिला. गेल्या साली तो गेला.

आता त्याची मुलगी तिसऱ्या मजल्यावर टायपिंगला लागली आहे. हो, तीच, कोपऱ्यातली, शिकलेली पोर. तिला काय म्हणतात वर? तोच शब्द. तोंडावर. परवा डबा घेऊन इथे आली, त्याच स्टुलावर बसली, म्हणली, ‘काका, खरंच आपल्या माणसांना लिफ्ट खोली वाटायची? बाबांना पण?’ आणि मी काय सांगितलं? ‘असेल बाई.’ असेल बाई! लाज नाही वाटली मला! मेलेल्या भावाला दुसऱ्यांदा चपला काढायला लावल्या. आणि तुमचं हे पुस्तक टाईप कोण करणार आहे? तीच ना? तिच्याच बोटांनी तिच्या बापाला गाढव ठरवणार तुम्ही?

तर खोडा, आणि लिहा. लिफ्टवाला सांगायचा, म्हणून काढायचे. लिफ्टवाल्याने सख्ख्या भावाला पण सांगितलं. नाव नका घालू — घाला, नाही घाला, ‘लिफ्टवाला’ पुरे, तिला कळेल. कळू दे. डबा आणायची बंद झाली तर झाली.

काय? तरी साधी माणसंच ती, शिकलेला माणूस नसता फसला? अस्सं! साहेब, जरा खाली बघा. पायाखाली काय आहे? गाड्यांचं तेल. चिखल. मी चपला घालून बसलोय की नाही? मग तुमचे मोजे का काळे झाले? मी दारात नुसतं म्हणलं, ‘बूट बाहेर, नियम आहे.’ तुम्ही विचारलंत, कुठला नियम?

निघा आता. गाडीवाले खोळंबलेत. बूट? दारात नाहीत? मान खाली घालून लिहीत होतात ना, माझी काठी लांब आहे.

जिन्याखाली बघा.